कवळीकर आणि दंतासुर

त्याचं खरं आडनाव दुसरंच होतं, पण कवळ्या करणाऱ्या माणसाला मित्र काय म्हणणार? कवळीकर. हे नाव इतकं चिकटलं की कुरियरवालाही खोकं देताना तेच घ्यायचा आणि हा निमूट सही करायचा.

रस्त्याला लागून, तळमजल्यावर त्याची दातांची लॅब होती. पुढच्या खोलीत बायको बसायची. दंतवैद्यांचे फोन घ्यायची आणि काम का लांबलं ते इतक्या गोड आवाजात सांगायची की समोरचा डॉक्टर स्वतःच माफी मागून फोन ठेवायचा. मधल्या खोलीत मेणाच्या पट्ट्या, छोटी भट्टी, पॉलिशचं चाक आणि फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवखा माणूस ते बघून दचकायचा. कवळीकरला त्यात ओळखीची माणसं दिसायची. हा झोपेत दात खाणारा बँकेतला साहेब, ही फक्त उजवीकडून चावणारी संगीतशिक्षिका, हा सगळ्यात वरचा जबडा खुद्द सासूबाईंचा.

आणि मागच्या खोलीत अंधारगड होता.

अंधारगड म्हणजे खेळ. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट रचत जायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी चोर. योद्ध्यानं तलवार उगारली की फासे टाकायचे. वार लागला की हुकला ते फासे ठरवणार. नियमांचं पुस्तक उशीएवढं जाड. कॉलेजपासून गोष्ट रचायचं काम कवळीकरकडे होतं आणि ते तो इतकं मन लावून करायचा की परीक्षेत एकदा त्यानं जबड्याच्या हाडाऐवजी गडाच्या तटबंदीची आकृती काढून ठेवली होती.

दर शनिवारी दुपारी लॅबचं काम आटोपलं की मंडळी जमायची. एक वकील, घटस्फोटाच्या केसेस घेणारे. त्यामुळे कुठल्याही दोन गोष्टींत न पटण्यासारखं काय आहे ते त्यांना पटकन सापडायचं. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर, तिला सगळे भूलताई म्हणत. दिवसभर तिच्यासमोरची माणसं झोपलेली असायची, म्हणून शनिवारी तिला जागी माणसं मिळाली की ती ऐकायची नाही. आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचं मत ज्या मजल्यावरून हाक येईल तिथे जायचं.

टेबलावर फासे मांडले जायचे. पुस्तक उघडलं जायचं. पण कित्येक वर्षांत फासा म्हणून कुणी टाकला नव्हता. कारण मध्यंतरी अंधारगडावर सिनेमा निघाला होता. मग दुसऱ्या कुणीतरी दुसरा काढला. तेव्हापासून मंडळी फक्त भांडत होती.

"पहिला सिनेमा म्हणजे सिनेमा," वकील सुरुवात करायचे. "पुस्तकाबरहुकूम. चेटकीण पहिल्यांदा मरते, मग योद्धा, मग चोर. क्रम चुकवला नाही त्यांनी."

"राक्षसाच्या पाठीची चेन दिसत होती त्यात," भूलताई म्हणायची. "उघडी. आतला बनियन दिसत होता."

"बनियनबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं नाही. म्हणजे नियमभंग झालेला नाही."

"दुसऱ्यात निदान खरं जंगल होतं. झाडं हलत होती."

"झाडं हलत होती हे खरंय," लिफ्टवाला म्हणायचा.

"आणि चोराचं लग्न लावून दिलं त्याचं काय?" वकील टेबलावर हात आपटायचे. "चोर! आजन्म एकटा! पुस्तकात छापलंय! आणि हे शेवटी त्याच्या गळ्यात हार घालतात!"

"तेही खरंय," लिफ्टवाला म्हणायचा.

कवळीकरला दोन्ही सिनेमे सारखेच नावडते होते आणि दोन्हींना कारण एकच होतं. दात. पुलावर पहारा देणारा जो राक्षस, दंतासुर, त्याच्या तोंडात दातांच्या तीन रांगा असतात असं पुस्तकात स्वच्छ म्हटलेलं होतं. एकामागे एक, तीन. पहिल्या सिनेमात त्याला दोन सुळे चिकटवून मोकळे झाले होते. दुसऱ्यात तो नुसताच दात विचकायचा, आणि ते दात इतके शुभ्र होते की कवळीकरला ते दंतवैद्याच्या जाहिरातीतले वाटले. "ज्यांना एका राक्षसाचं तोंड नीट करता येत नाही," तो म्हणायचा, "त्यांनी अंधारगडाला हात लावणं हे पाप आहे. तिसरा कुणी काढेल तर त्याला मी माफ करणार नाही." जणू सिनेमावाले माफीच्या अर्जाचा मसुदा हातात घेऊन बाहेर उभे होते.

मग तिसऱ्याची बातमी आली. कवळीकरनं खेळाच्या चाहत्यांच्या साइटवर लांबलचक लेख टाकला. शीर्षक होतं 'तीन रांगांचा प्रश्न'. तिसरी रांग टाळूला कुठे टेकेल, जिभेला जागा कशी राहील, असला राक्षस मांस फाडेल की भरडेल, सगळं आकृत्यांसह. खाली लोकांनी अंगठे उठवले. वकिलांनी लिहिलं, 'विषय गौण आहे, पण मांडणी चोख.'

त्यानंतर काही दिवसांनी लॅबचा फोन वाजला. बायकोनं नेहमीच्या गोड आवाजात "थोडा उशीर होतोय हो डॉक्टर" म्हणून टाकलं आणि मग तिचा चेहरा बदलला. तिनं रिसीव्हरवर हात ठेवला.

"सिनेमावाले आहेत. मेकअप विभागाच्या बाई. म्हणतायत, लेख वाचला. दात तूच करून द्यायचे."

कवळीकरच्या हातातलं मेण पातेल्यात पडलं.

"काय सांगू?" बायको म्हणाली. "पाप आहे म्हणून सांगू?"

"थांब जरा."

"तूच म्हणाला होतास."

"दात नीट असले तर पाप बरंच कमी होतं," असं म्हणून त्यानं फोन घेतला.

एक अट होती. सिनेमा लागेपर्यंत कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही. तसा कागदच त्यांनी सही करून घेतला. बायकोनं खांदे उडवले, कारण तिला कुणाला सांगायचंच नव्हतं. पण कवळीकरची पंचाईत झाली. शनिवारी मंडळी जमली आणि वकिलांनी तिसऱ्या सिनेमावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. एरवी या सुरात सगळ्यात वरचा सूर कवळीकरचा असायचा. आज तो कप विसळत बसला.

"तू काहीच बोलत नाहीस?" भूलताईनं विचारलं.

"नाही म्हणजे... बघावा तरी आधी. कधीकधी माणसं मनापासून काम करतात."

भूलताई उठली आणि तिनं त्याचं मनगट धरून नाडी बघितली. "ठोके जास्त आहेत," ती म्हणाली.

"याला कुणीतरी विकत घेतलंय," वकील गमतीनं म्हणाले आणि स्वतःच हसले. कवळीकरही हसला, पण त्याला जरा ठसका लागला.

पुढचे कित्येक दिवस त्यानं दंतासुरासाठी अक्षरशः रक्त आटवलं. नेहमीची कामं बायकोच्या गोड आवाजावर तगून राहिली. पिवळट, किंचित झिजलेले, मुळाशी काळवंडलेले दात त्यानं एकेक करून बसवले. पहिली रांग फाडणारी, दुसरी धरणारी, तिसरी भरडणारी. तयार जबडा त्यानं टेबलावर ठेवला तेव्हा चहा द्यायला आलेली बायको दारातच थबकली.

"कसा वाटतो?"

"भयंकर," ती म्हणाली. "पण तोंड मिटणार कसं याचं?"

"राक्षस तोंड कशाला मिटेल?"

सिनेमाचं काम शहराबाहेरच्या एका जुन्या गोदामात चाललं होतं. आत कापडाचा डोंगर आणि फळ्यांचा पूल उभा केलेला. एका कोपऱ्यात, पंख्यासमोर, रबरी अंगरख्यात घामेघूम झालेला दंतासुर खुर्चीवर बसला होता. मुखवटा मांडीवर ठेवलेला. आत साधा, डोक्यावरचे केस विरळ झालेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस होता. आयुष्यभर त्यानं राक्षस, भुतं आणि एकदा अस्वल केलं होतं. कवळीकर दिसताच तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "तुम्हीच ना दातवाले? माझं तोंड तुमच्या हवाली."

जबडा बसवला. बसला मात्र असा चपखल की मेकअपच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक आला. तरुण माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यानं दंतासुराला वाक्य म्हणायला सांगितलं. वाक्य होतं, 'पुलावर माझा पहारा आहे. परत फिरा, पोरांनो.'

"फुफाफफ फाफा फफाफा आफे," दंतासुर म्हणाला. "फफफ फिफा, फोफाफो."

मागे उभ्या असलेल्या दिवेवाल्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"दोन रांगा काढा," दिग्दर्शक म्हणाला.

"काढा कसं?" कवळीकर उसळला. "पुस्तकात तीन आहेत! तुम्ही पुस्तक वाचलंय का?"

"वाचलंय? पाठ आहे. लहानपणी भावाबरोबर खेळायचो. आमच्या पुस्तकात दंतासुराला दातच नव्हते. तो गिळायचा."

"दात नसतील तर त्याला दंतासुर कशाला म्हणतील?"

"दातांची भूक असते म्हणून. लोकांचे दात गोळा करायचा तो. पहिली आवृत्ती, साहेब. तुमची कुठली? दुसरी की तिसरी?"

कवळीकरची दातखीळ बसली. तिसरी होती. आयुष्यभर ज्या पुस्तकाच्या नावानं तो लोकांना फैलावर घेत आला, त्याच्या आधी आणखी दोन पुस्तकं होती आणि त्यातल्या एकात राक्षस बोळका होता, हे त्याला आज गोदामात उभ्या उभ्या कळत होतं. तरीही माघार घ्यायची म्हणजे काय! त्यानं टाळूचा कोन, जिभेची जागा, लेखातल्या आकृत्या, सगळं पुन्हा सांगितलं. दिग्दर्शक घड्याळ बघत होता. शेवटी म्हणाला, "राहू देत तीन. वाक्यं काढून टाकतो. नुसता ओरडेल."

तत्त्वाचा विजय झाला होता. दिग्दर्शक निघूनही गेला.

दंतासुरानं हळूच जबडा काढला आणि रुमालात धरला. तोंडातून रक्त येत होतं. कवळीकरनं घाईनं बॅटरी काढून बघितलं. तिसरी रांग टाळूला लागत होती, आकृतीत जिथे लागायला नको होती तिथेच.

"दुखत होतं तर सांगायचं नाही का?"

"सवय आहे हो. अस्वलाच्या वेळी तर नाकच सोललं होतं." मग म्हणाला, "साहेब, एक विचारू? रागावू नका. एवढ्या वर्षांत मला कधी बोलायला मिळालं नाही. ओरडायला मिळालं, गुरगुरायला मिळालं. ही पहिलीच दोन वाक्यं. आईला सांगून बसलोय की या वेळी माझा आवाज येणार. तोंड तर तिला दिसत नाहीच कधी. ती मला विचारते, यातला तू कुठला?"

तोंडाला रक्त आलेला माणूस समोर बसला होता आणि कवळीकर त्याला पुस्तकातलं पान दाखवायच्या बेतात होता. असल्या माणसासाठी एरवी तो काय करतो? टोचणारी कवळी आली तर तो पेशंटला पुस्तक वाचून दाखवतो का?

त्यानं पिशवीतून हातमशीन काढलं, गोदामाच्या दाराशी उजेडात बसला आणि ज्या दोन रांगांसाठी त्यानं डोळे फोडले होते त्या स्वतःच्या हातानं घासून काढल्या. पांढरा भुगा त्याच्या पँटवर पडत राहिला. उरलेली रांग त्यानं आतून पातळ केली, कडा गुळगुळीत केल्या आणि परत बसवली.

"म्हणा."

"पुलावर माझा पहारा आहे," दंतासुर म्हणाला. आवाज खर्जातला, भारदस्त होता, गोदामात घुमला. दिवेवाला वळून बघायला लागला. "परत फिरा, पोरांनो."

मेकअपच्या बाई धावत दिग्दर्शकाला आणायला गेल्या.

सिनेमा लागला त्या दिवशी सगळे एकाच रांगेत बसले. वकील, भूलताई, लिफ्टवाला, कवळीकर, बायको आणि सासूबाई. सासूबाईंना अंधारगडातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण थंडगार हॉलमध्ये बसायला त्यांना आवडायचं. दंतासुर पुलावर आला, त्यानं तोंड उघडलं, आणि वकिलांनी कवळीकरच्या मांडीवर थाप मारली.

"एकच रांग! बघ! एकच! काय म्हणालो होतो मी?"

वकील आजवर दातांबद्दल काहीच म्हणाले नव्हते. पण त्या क्षणापासून तीन रांगा हा त्यांचा जन्मसिद्ध पक्ष झाला. शेवटची नावं पडद्यावर सरकायला लागली तरी ते उभे राहून बोलत होते. "तुझ्या लेखात तू काय लिहिलंस? की एका रांगेचा दंतासुर म्हणजे नुसता वखवखलेला शेजारी! शब्द न् शब्द खरा ठरला. कुठल्या अडाण्यानं केलेत हे दात?"

भूलताई दिवे लागण्याआधीच दारात पोचली होती आणि तिथूनच त्यांचं खोडून काढत होती. एकट्या सासूबाई बसून होत्या, कारण गुडघे सरळ व्हायला त्यांना वेळ लागायचा. तोवर त्या पडद्यावरची नावं मोठ्यानं वाचत होत्या. प्रकाशयोजना अमुक. केशभूषा तमुक. दात...

"अगं बाई! जावईबापू, हे तुमचं नाव ना?"

हॉलमधल्या साफसफाईवाल्यांनीसुद्धा झाडू थांबवले.

पुढच्या शनिवारी मागच्या खोलीत रीतसर खटला भरला. वकील वकीलही होते आणि न्यायाधीशही. आरोपीला स्वतःच्याच लॅबमध्ये स्टुलावर बसवण्यात आलं.

"दोन रांगा कुणी काढल्या?"

"मी काढल्या."

"दबावाखाली?"

"नाही. त्याला बोलता येत नव्हतं. तोंडातून रक्त येत होतं."

"दंतासुराच्या तोंडातून रक्त यायलाच हवं," वकील गरजले. "पान बघा!"

"ते दुसऱ्यांचं असतं," भूलताई म्हणाली. "पण तू आम्हाला सांगितलं नाहीस हे काही बरं केलं नाहीस. मी तुझी नाडी धरून बसले होते आणि तू खोटं बोललास."

"सही केली होती मी."

"आमच्याशी पण सही केली होतीस का कधी? मैत्रीत सही लागते?" हे लिफ्टवाला म्हणाला, आणि हे त्याचं त्या वर्षातलं पहिलं स्वतःचं मत होतं, म्हणून ते सगळ्यात जास्त लागलं.

कवळीकरला मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपमधून काढून टाकायचं ठरलं. पण ग्रुपचा अॅडमिन तोच होता. काढणार कसं? शेवटी सगळे स्वतःच बाहेर पडले आणि कवळीकर त्या ग्रुपमध्ये एकटा उरला. वकिलांनी 'खरा अंधारगड' नावाचा नवा ग्रुप काढला. आठवड्याभरात चोराच्या लग्नावरून त्यात फूट पडली आणि भूलताईनं 'अंधारगड, अगदी खरा' काढला. लिफ्टवाला दोन्हींत होता आणि दोन्हीकडे अंगठा उठवत होता.

कवळीकरचे शनिवार ओस पडले. सुरुवातीला तो तोऱ्यात होता. मग तो जबड्यांच्या फळीवरची धूळ पुसायला लागला. मग ती पुसून झालेली फळी पुन्हा पुसायला लागला. "जाऊन बोल की त्यांच्याशी," बायको म्हणाली. "चुकलं म्हण."

"चुकलं नाही माझं."

"मग नको म्हणूस. पण निदान फळी पुसणं बंद कर, रंग जायला लागलाय."

अशाच एका शनिवारी लॅबच्या दारात दंतासुर उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी आणि बरोबर त्याची आई. तिची कवळी टोचत होती आणि आपल्या ओळखीत एकच दातवाला आहे, असं त्यानं तिला सांगितलं होतं. नेमका त्याच वेळी लिफ्टवाला समोरच्या इमारतीतून काम संपवून बाहेर पडत होता. त्यानं माणसाला ओळखलं नाही. पण त्या माणसानं रिक्षावाल्याला "सुट्टे राहू द्या" म्हटलं आणि तो खर्ज ऐकून लिफ्टवाल्याच्या हातातली हत्यारांची पेटी खाली पडली.

त्यानं दोन्ही ग्रुपवर बातमी टाकली आणि चहा उकळेपर्यंत वकील आणि भूलताई दोघंही हजर. साइटवर ज्याला 'एकरांगी दंतासुर' म्हणून हिणवलं होतं त्या माणसाला त्यांनी मागच्या खोलीत नेऊन सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसवलं. वकिलांनी फोटो काढून घेतला. मग दुसरा, कारण पहिल्यात त्यांचे डोळे मिटले होते. "ते वाक्य एकदा म्हणा ना," ते लहान मुलासारखे म्हणाले. त्यानं म्हटलं. वकिलांच्या अंगावर काटा आला, तो त्यांनी बाही वर करून सगळ्यांना दाखवला.

कवळीकर दारात येऊन उभा राहिला. कुणी माफी मागितली नाही, त्यानंही मागितली नाही. वकील त्याच्याकडे वळून फक्त इतकंच म्हणाले, "मी आज पुन्हा विचार केला. पुस्तकात 'रांगा' हा शब्द आहे, पण तो आदरार्थी बहुवचनातही घेता येतो."

"दातांना आदरार्थी?" भूलताई ओरडली. "अहो, काय बोलताय तुम्ही!"

"तेही खरंय," लिफ्टवाला म्हणाला, आणि भांडण सुरू झालं. दंतासुर मधे बसून कधी इकडे तर कधी तिकडे मान वळवत होता.

कवळीकरनं हळूच दार लोटून घेतलं आणि मधल्या खोलीत आला. आई स्टुलावर पदर सावरून बसल्या होत्या. त्यानं कवळी हातात घेऊन उजेडात फिरवली, टोचणारी जागा पेन्सिलीनं खूण करून शोधली, चाकावर जरा घासली, धुतली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बसवली, दोनदा चावून बघितली.

"आता काहीतरी बोला बघू."

"आत एवढं कोण भांडतंय?" त्यांनी विचारलं. एकही अक्षर घसरलं नाही.

"मित्र आहेत माझे. सिनेमावरून चाललंय त्यांचं."

"बघितला तरी का त्यांनी?"

"तीन-तीनदा."

"म्हणजे आवडलाय," आई म्हणाल्या.

"हळू बोला," कवळीकर म्हणाला. "त्यांना ऐकू जाईल."